मऊ यंत्र माणसाच्या अंगाला लागतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालंय. सिलिकॉनची, हवेने वाकणारी बोटं मी बनवली आहेत आणि ती छान चालतात. आता पीएचडीसाठी सॉफ्ट रोबोटिक्स, म्हणजे मऊ पदार्थांची यंत्रं, घेऊन माणूस आणि यंत्र यांच्यातल्या देवाणघेवाणीवर काम करायचं आहे. मनगटावर बांधायचा, हळूच दाबून सूचना देणारा पट्टा डोक्यात आहे. अ‍ॅक्च्युएटर (म्हणजे हालचाल घडवणारा भाग) कोणता घेऊ? सिम्युलेशन किती शिकू? आणि 'मऊ असल्यामुळे सुरक्षित' एवढं लिहिलं तर परीक्षकांना पुरेल का?"

मी बरीच वर्षं याच कामात आहे: अंगावर घालायची, हातात धरायची मऊ यंत्रं बनवणं आणि ती माणसांना लावून बघणं. तुमच्या तीन प्रश्नांत शेवटचा सगळ्यात मोठा आहे. त्याचं उत्तर 'नाही', आणि ते 'नाही' का, हे समजलं की पहिल्या दोघांची उत्तरं बरीचशी निघतात. म्हणून मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते.

आतापर्यंत तुमचं बोट हवेत वाकत होतं, त्यात एकच शरीर होतं. मनगटावर पट्टा बांधला की दुसरं शरीर आलं, आणि तेही मऊच आहे. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताणाला विरोध करणाऱ्या कडकपणाचं माप, साधारण २०० गिगापास्कल. इकोफ्लेक्स ००-३० सारखं सिलिकॉन दुप्पट लांबीला ताणलं तर त्याचा मॉड्युलस ०.०७ मेगापास्कलच्या आसपास भरतो, म्हणजे पोलादाच्या जवळपास तीस लाखाव्या हिश्शाइतका. ड्रॅगन स्किन ३० हे जास्त कडक सिलिकॉन घेतलंत तर ०.६ मेगापास्कल. माणसाच्या कातडीचा मात्र असा एक आकडा सांगता येत नाही. ओढून मोजलं, दाबून मोजलं, शोषून मोजलं, तसं उत्तर बदलतं. काही दहा किलोपास्कलपासून काही मेगापास्कलपर्यंत. वय, जागा, खाली हाड आहे की स्नायू, यावरही ते ठरतं.

ही दोन शरीरं एकमेकांना टेकली की एकापुढे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगांसारखी वागतात. जी स्प्रिंग दहापट मऊ, तिच्या वाट्याला एकूण दबण्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जातो. पट्टा मनगटापेक्षा फारच मऊ असेल तर तो स्वतः फुगून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि माणसाला काही कळतच नाही. फार कडक असेल तर सगळं दबणं मांसाच्या वाट्याला येतं आणि हाडाजवळ ते दुखतं. माझ्या सुरुवातीच्या एका पट्ट्याचं पहिल्या प्रकारचं झालं होतं. टेबलावर तो डौलदार फुगायचा, हातावर बांधला की बांधणारा विचारायचा, "सुरू केलंय का?" मी बाहेरच्या बाजूला न ताणणारं कापड चिकटवलं, आणि तोच पट्टा तेवढ्याच हवेत स्पष्ट जाणवायला लागला. सिलिकॉन तेच होतं. फुग्याला ढकलायला फक्त आतली दिशा उरली होती.

म्हणून 'माझं यंत्र मऊ आहे' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुठे टेकतं, कशावर टेकतं, किती वेळ टेकतं, हे आलं की ते पुरं होतं. दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ऑक्टोबॉट दाखवला. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनातून निघणाऱ्या वायूवर चालणारा, अंगात एकही कडक भाग नसलेला छोटा ऑक्टोपस. सॉफ्ट रोबोटिक्सचं ते फार महत्त्वाचं पाऊल होतं, पण माणसाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. उलट जपानमधल्या एआयएसटी संस्थेत ताकानोरी शिबाता यांनी घडवलेला पारो, म्हणजे सीलच्या पिल्लासारखा दिसणारा रोबोट. आत मोटरी आहेत, सांगाडा आहे. पण हात लागतो ती लव मऊ, आणि तिच्याखाली स्पर्श ओळखणारे सेन्सर. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसोबत तो वापरला जातो. माणूस-यंत्र देवाणघेवाणीच्या बाजूने बघाल तर पारो तुमच्या विषयाच्या जास्त जवळ आहे. अख्खं यंत्र मऊ असायलाच हवं, हा हट्ट सोडलात तर तुमच्यापुढे कितीतरी वाटा उघडतील.

आता सुरक्षिततेकडे. रक्तदाबाचे आकडे सगळ्यांना माहीत असतात, म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये विचार करायला लावते. १२० मिमी पारा म्हणजे १६ किलोपास्कल. तुमची सिलिकॉनची बोटं पूर्ण वाकायला बहुधा ५० किलोपास्कलच्या आसपास हवा मागत असतील. ते झाले ३७५ मिमी. आतला दाब आणि कातडीवर पोचणारा दाब एकच नसतात, मधे सिलिकॉन स्वतःला ताणण्यात बराच दाब खाऊन टाकतं. पण भिंत पातळ असेल, बाहेरून कापड आवळलेलं असेल, तर दोन्ही आकडे जवळ येतात, आणि मग हातात तुमच्याही नकळत टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारा आवळपट्टा, तयार झालेला असतो. दुसरं, वेळ. केशवाहिन्यांमधल्या दाबाचा पाठ्यपुस्तकातला जुना आकडा साधारण ३२ मिमी पारा, म्हणजे ४ किलोपास्कलहून थोडा जास्त. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होतात त्या इतक्याच सौम्य दाबाने, तो तासन् तास हलला नाही म्हणून. अर्धा सेकंद २० किलोपास्कल आणि चार तास ५ किलोपास्कल, यातला दुसरा प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो. पट्टा दिवसभर घालायचा असेल तर सूचना नसतानाचा, म्हणजे नुसता बांधलेला असतानाचा दाब मोजा. हा आकडा फार थोडे लोक देतात.

मनगटाचा आकारही यात येतो. पट्टीतला ताण तोच ठेवला तर कातडीवरचा दाब मनगटाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. बारीक मनगटावर जास्त, जाडवर कमी. शिवाय मनगट गोल नसतं. करंगळीच्या बाजूला जे हाड वर येतं तिथली वक्रता तीव्र, म्हणून दाबही तिथेच गोळा होतो. एकाच आकाराचा पट्टा सगळ्यांना बांधून 'सर्वांना समान उद्दीपन दिलं' असं लिहिणं म्हणूनच चूक आहे. आम्ही पट्टा आणि कातडी यांच्यामध्ये एक पातळ हवेची पिशवी ठेवून प्रत्येक माणसाचा प्रत्यक्ष दाब नोंदवतो. पिशवीला जोडलेला साधा प्रेशर सेन्सर या कामाला पुरतो.

यंत्राच्या बाजूने माझे चार नियम ठरलेले आहेत आणि त्यात मी सूट देत नाही. पंप असा निवडायचा की नळी पूर्ण बंद झाली तरी त्याला तुमच्या मर्यादेपलीकडे दाब देताच येऊ नये. सॉफ्टवेअरमधली मर्यादा ही त्यानंतरची गोष्ट. वीज गेली की हवा आपोआप सुटली पाहिजे, म्हणजे सोडणारा व्हॉल्व्ह विजेविना उघडा राहणाऱ्या प्रकारचा हवा. पट्टा माणसाला एका हाताने, न बघता, ओढून काढता आला पाहिजे. आणि नव्या रचनेचा एक नमुना आडोशामागे ठेवून फुटेपर्यंत फुगवायचा, तो किती दाबाला फुटला हे लिहून ठेवायचं आणि वापरायचा दाब त्याच्या बराच खाली ठेवायचा. सिलिकॉनचे तुकडे फारशी इजा करत नाहीत, पण कानाजवळ फुटलेल्या पिशवीचा आवाज आणि दचकून मागे झालेला माणूस, यातून इजा होऊ शकते.

परीक्षकांसाठी एक संदर्भ उपयोगी पडेल. माणसांसोबत काम करणाऱ्या औद्योगिक रोबोटांसाठी २०१६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा आयएसओ/टीएस १५०६६ हा दस्तऐवज आला. त्यात शरीरावरच्या २९ जागांसाठी दाबाच्या मर्यादा दिल्या आहेत आणि त्या वेदनेच्या उंबरठ्यावर आधारलेल्या आहेत. त्यातले आकडे 'याच्या जवळपासही जायचं नाही' अशी वरची रेघ म्हणून वापरा. कारखान्यात चुकून लागलेल्या धक्क्यासाठी ते ठरवले आहेत. मुद्दाम, वारंवार, दिवसभर दिलेल्या स्पर्शासाठी नाहीत.

इथपर्यंत आल्यावर अ‍ॅक्च्युएटरचा प्रश्न सोपा होतो, तरी तो परिस्थितीवर अवलंबून आहेच. पट्टा पाच मिनिटांच्या प्रयोगासाठी आहे की दिवसभरासाठी? माणूस बसलेला आहे की चालतो आहे? सूचना 'डावीकडे वळ' अशी ठळक आहे की 'जरा सावकाश' अशी हळवी? ज्याला लावायचा आहे त्याच्या हाताला पूर्ण संवेदना आहे ना? मधुमेहाने किंवा पक्षाघाताने संवेदना कमी झालेल्या हाताला दुखणं कळत नाही, म्हणजे सुरक्षिततेचा सगळ्यात मोठा सेन्सरच गेला. ही उत्तरं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. पण मनगटाच्या पट्ट्यासाठी मी काय आणि का निवडेन ते सांगते.

निटिनॉलची तार, म्हणजे आकार लक्षात ठेवणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, बघायला फार सुंदर. आवाज नाही, पंप नाही. पण बाजारातल्या सामान्य तारा ७० किंवा ९० अंश सेल्सिअसला आकुंचन पावतात, आणि ४४ अंशांचा स्पर्शसुद्धा काही तास टिकला तर कातडी भाजते. मध्ये इन्सुलेशन टाकलं की तार थंड व्हायला वेळ लागतो आणि सूचना रेंगाळते. विजेच्या ओढीने दबणारे डायइलेक्ट्रिक इलॅस्टोमर आणि २०१८ मध्ये पुढे आलेले, त्याच ओढीने पिशवीतला द्रव ढकलणारे हॅसेल अ‍ॅक्च्युएटर वेगवान आहेत, पण त्यांना काही हजार व्होल्ट लागतात. विद्युतप्रवाह फार कमी असतो हे खरं. तरी अंगावर बांधायच्या वस्तूत हजारो व्होल्ट म्हटल्यावर माणसांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणारी नैतिकता समिती कसून प्रश्न विचारणार, आणि ते तिचं कामच आहे. तुमची प्रयोगशाळा या तंत्रात आधीपासून मुरलेली असेल तरच त्या वाटेला जा. दोरी ओढून आवळणारा पट्टा, मोटर कमरेला, हा फार कमी लेखला जाणारा पर्याय आहे. त्यात दोरीचं घर्षण तेवढं त्रास देतं.

मी हवाच घेईन, पण ओतीव सिलिकॉन नाही. टीपीयू या उष्णतेने वितळणाऱ्या लवचीक प्लॅस्टिकचा थर असलेलं नायलॉनचं कापड उष्णतेने सील करून केलेल्या पिशव्या घेईन. कापड ताणत नाही, म्हणून हवा भरल्यावर पिशवीचा आकार ठरलेला असतो आणि दाबाचं गणित सरळ होतं. पिशवी रिकामी असताना एखाद्या मिलिमीटरची असते, म्हणून बाहीखाली मावते. आणि सगळ्यात मोठा फायदा: सकाळी सुचलेला आकार दुपारी हातावर बांधता येतो. सिलिकॉनला साचा, मिश्रण, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढणं, घट्ट होण्याची वाट, हे सगळं लागतं. माणसांवरच्या संशोधनात तुम्हाला तीसेक नमुने बनवून टाकून द्यावे लागतात, तिथे हा फरक महिन्यांचा होतो.

तरी सिलिकॉन वापरायचंच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्लॅटिनम-क्युअर, म्हणजे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या, सिलिकॉनला गंधक, कथिलाची संयुगं आणि अमाइन यांचं वावडं असतं. लॅटेक्सचे हातमोजे किंवा रेझिनवर छापलेला साचा यांच्या संपर्कात आलेला थर चिकटच राहतो. नायट्राइल हातमोजे घाला आणि रेझिनचा साचा असेल तर आधी छोट्या कोपऱ्यावर चाचणी घ्या.

आता ज्या भागासाठी मी हे लांबलचक उत्तर लिहायला बसले तो भाग. आमच्या एका पट्ट्यात दाबाचे तीन नमुने होते: एकदा लांब, दोनदा आखूड, आणि हळूहळू वाढत जाणारा. पहिल्या फेरीत लोकांनी जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर दिली. आम्ही खूश होतो. मग एका सहभागीने निघताना सहज सांगितलं, "दोनदा टिक ऐकू आलं की ते दुसरं, हे लगेच कळतं." तो दाब ओळखतच नव्हता. टेबलावरच्या, विजेने उघडझाप होणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची टिकटिक मोजत होता. आम्ही सगळ्यांना हेडफोनवर एकसारखी खरखर ऐकवून पुन्हा प्रयोग घेतला, तेव्हा हळूहळू वाढणारा आणि एकदा लांब हे दोन नमुने लोकांना वेगळे करताच येईनात.

एवढ्यावर भागलं नाही. हेडफोन लावूनही काही जण संशय यावा इतके अचूक होते. शोधल्यावर कळलं की पंपाची थरथर नळीतून मनगटापर्यंत येत होती आणि पंप सुरू झाला की त्यांना आधीच कळत होतं. आपल्या कातडीत खोलवर पाचिनियन कॉर्पसल नावाचे ग्राही असतात. २०० ते ३०० हर्ट्‌झच्या आसपास ते इतके संवेदनशील असतात की तळहाताला एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान थरथर जाणवते. मनगट तळहाताइतकं तीक्ष्ण नाही, तरी नळीतून आलेली थरथर ओळखायला तेही पुरेसं ठरलं. आम्ही मग हवेची एक टाकी ठेवली, प्रयोग सुरू होण्याआधी ती भरून पंप बंद करायला लागलो, आणि नळी मधल्या एका वेगळ्या स्टँडवर सैल वळण देऊन टांगली. व्हॉल्व्ह लांब नेले तर टिकटिक कमी होते पण दाब पोचायला उशीर होतो. तो उशीर टाळायचा तर नळी जाड लागते, कारण प्रवाह सरळ थरांत वाहत असेल तर आतला व्यास निम्मा केला की अडथळा सोळापट होतो. ही ओढाताण प्रत्येकाने आपल्या मापाने सोडवायची असते.

तुमच्या प्रयोगात पहिली शंका हीच घ्या: माणूस मला अपेक्षित असलेल्या वाटेनेच उत्तर देतोय का? तपासायची सोपी रीत आहे. पट्टा हातावरून काढून शेजारी टेबलावर ठेवा, बाकी सगळं तसंच चालू ठेवा, आणि माणसाला नमुना ओळखायला सांगा. अंदाजाने येतील त्याहून जास्त उत्तरं बरोबर आली, तर तुमचा पट्टा स्पर्शाशिवाय दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने बोलतोय. टेबलाची थरथर यात सुटू शकते, म्हणून एक फेरी पट्टा हातावर, पण पिशवीची नळी बंद, अशीही घ्या.

माणसाच्या जाणिवेचे आकडे डिझाइनच्या आधी वाचा, नंतर नाही. त्यांनी काम कमीही होतं. वस्तू किती कडक आहे यातला फरक ओळखायची आपली क्षमता ढोबळ आहे. जोन्स आणि हंटर यांनी १९९० मध्ये हा फरक सुमारे २३ टक्के मोजला. म्हणजे पट्ट्याचा कडकपणा एक टक्क्याच्या अचूकतेने नियंत्रित करण्यात घालवलेलं वर्ष घालणाऱ्याला जाणवणारसुद्धा नाही. तसंच जागेचं. बोटाच्या टोकावर दोन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात, पण कोपर ते मनगट या भागात ते अंतर तीन-चार सेंटीमीटरवर जातं. ही मोजपट्टी जुनी आणि ढोबळ आहे, तरी मनगटाभोवती आठ पिशव्या बसवायच्या बेतात असाल तर आधी चारच बसवून बघा.

वेगाचंही असंच. केसाळ कातडीत सावकाश स्पर्शाला प्रतिसाद देणारे सी-टॅक्टाइल नावाचे तंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगाने हात फिरवला की ते सर्वाधिक जागे होतात आणि लोकांना तोच वेग सुखद वाटतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. 'सावकाश' ही सूचना तुम्हाला दाबाऐवजी सरकत्या स्पर्शाने देता येईल का? पिशव्या एकामागून एक फुगवत नेल्या की तसा भास होतो. मला स्वतःला तुमच्या विषयातली ही सगळ्यात ओढ लावणारी शक्यता वाटते. आवळणारा पट्टा 'थांब' म्हणतो, सरकणारा 'जरा धीराने घे' म्हणतो, आणि हा फरक कोणी न शिकवता कळतो का, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

लोक स्पर्शाचं वर्णन करताना जे शब्द वापरतात ते शब्दशः लिहून ठेवा. आम्ही बनवलेल्या सिलिकॉनच्या रोबोट-हाताला पाच-सहा जणांनी 'ओलसर' म्हटलं, आणि तो पूर्ण कोरडा होता. माणसाच्या कातडीत ओलावा ओळखणारे वेगळे ग्राही नसतात. गारवा आणि स्पर्शाचा पोत यांवरून मेंदू ओलाव्याचा अंदाज करतो. खोलीच्या तापमानाचं, किंचित चिकटणारं सिलिकॉन तेहतीस अंशांच्या कातडीला गार लागतं आणि ओलं वाटतं. वरून विणलेलं पातळ कापड चढवलं आणि हात थोडा कोमट ठेवला, तशी ती तक्रार थांबली. गुण मोजणाऱ्या प्रश्नावलीत ही गोष्ट कधीच सापडली नसती, कारण तिथे 'ओलसर' हा पर्यायच नव्हता.

सेन्सरचं थोडक्यात. तुमच्या पट्ट्याला माणसाचा स्पर्श कळायला हवा असेल, उदाहरणार्थ दोनदा थोपटून 'समजलं' असं सांगायला, तर नवा सेन्सर लावण्याआधी पिशवीतला दाबच वाचून बघा. पिशवी बंद असेल तर बोटाचा हलका दाबही त्यात दिसतो. अडचण अशी, की पट्टा स्वतः फुगतो तेव्हाही दाब बदलतो आणि माणूस मनगट वळवतो तेव्हाही. म्हणून 'आत्ता मी दिलेल्या आज्ञेने किती दाब यायला हवा होता' हे आधी मांडून प्रत्यक्ष वाचनातून वजा करावं लागतं. जे उरतं ते माणसाचं, आणि त्यातही मनगट हलवणं व थोपटणं यांचा वेग वेगळा असतो.

कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचं वाचन खऱ्या मापाशी जुळवणं, करताना नवा कोरा नमुना वापरू नका. सिलिकॉन पहिल्या काही ताणांमध्ये मऊ पडतं. याला मलिन्स परिणाम म्हणतात. प्रयोगात जेवढं ताणणार त्याहून थोडं जास्त, काही डझन वेळा ताणून घ्या, मग मोजा. आणि मशीन लर्निंग वापरून हिस्टेरेसिस, म्हणजे ताणताना आणि सोडताना वाचनात पडणारा फरक, काढून टाकणार असाल तर परीक्षा नव्या नमुन्यावर, दुसऱ्या दिवशी, वेगळ्या माणसाच्या हातावर घ्या. एकाच बैठकीतला डेटा दोन भागांत कापून आलेली अचूकता बघून मीही एकेकाळी भुलले आहे. पुढच्या आठवड्यात ती टिकली नाही.

आता सिम्युलेशन. निओ-हुकियन, यीओ, ऑग्डेन ही ताणल्या जाणाऱ्या पदार्थांची गणिती प्रारूपं काय सांगतात आणि साध्या ताण-चाचणीतून त्यांचे स्थिरांक कसे काढायचे, एवढं शिकाच. एक पिशवी फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे करून गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फुगवून प्रत्यक्षाशी ताडून बघा. याला दोन महिने द्या. त्यापुढे मनगटाच्या मांसाचं मॉडेल बनवायला निघालात तर ती स्वतंत्र पीएचडी होईल. वाकणाऱ्या रोबोटांसाठी सगळे शिकतात ती समान वक्रतेची (सगळा भाग एकाच वर्तुळाच्या कमानीत वाकतो असं धरणारी) भूमितीही इथे फारशी कामाची नाही. अंगाला टेकलं की वक्रता समान राहत नाही, आणि तुमचं यंत्र कायम टेकलेलंच असणार. अपवाद एकच: तुमच्या मार्गदर्शकांचा गट सिम्युलेशनचाच असेल, तर त्यांच्या ताकदीचा फायदा घ्या आणि माणसांवरचा प्रयोग लहान ठेवा.

इथवर सांगितलेलं पहिल्या तीन महिन्यांत असं बसवता येईल. पहिल्या दोन आठवड्यांत एकही यंत्र बनवू नका. ज्यांच्यासाठी पट्टा आहे त्यातले पाच-सहा जण गाठा, आणि त्यांच्या परवानगीने तुमच्या हाताने त्यांचं मनगट दाबून, थोपटून, हात फिरवून बघा. कुठला स्पर्श कशाची सूचना वाटला ते लिहा. माणसाचा हात हा आपल्याकडे असलेला सगळ्यात चांगला मऊ रोबोट आहे, आणि जी सूचना त्यानेही पोचत नाही ती तुमच्या पिशवीने पोचण्याची शक्यता फार कमी. त्याच वेळी नैतिकता समितीचा अर्ज लिहायला घ्या. मंजुरीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, आणि वर सांगितलेले चार नियम त्या अर्जात जसेच्या तसे जातात. मग कापडाच्या पिशव्या, चार जागा, दोन-तीन नमुने. मग हेडफोनसह आणि हेडफोनशिवाय, पट्टा हातावर आणि टेबलावर, असा लहानसा पायलट, म्हणजे चाचणीचा प्रयोग.

किती सहभागी लागतील हे पायलटमध्ये परिणाम किती मोठा दिसतो यावर ठरेल. एकाच माणसाने सगळे नमुने अनुभवायचे आणि क्रम प्रत्येकाला वेगळा, अशी रचना ठेवलीत तर कमी माणसांत भागतं. कुठला आकडा कशाशी ताडून बघणार हे मुख्य प्रयोगाच्या आधी लिहून, तारीख टाकून ठेवा.

आणि पट्टा दुसऱ्या कोणाला बांधण्याआधी एक अख्खा दिवस स्वतःच्या हातावर बांधून ठेवा. जेवताना, टाइप करताना, झोपताना. संध्याकाळी काढल्यावर कातडीवर वळ कुठे उठलेत त्याचा फोटो काढा. पट्ट्याचा पुढचा आराखडा त्या फोटोवरून सुरू करा.